झडतीमास्तरांच्या भिंतीवरचा चार्जर

ज्या माणसानं उभी हयात कारखान्याच्या गेटावर लोकांच्या पिशव्यांत डोकावण्यात घालवली, तो रिटायर झाला म्हणून डोकावायचा थांबतो की काय? छे! झडतीमास्तर नोकरीतून घरी आले तेव्हा युनिफॉर्म तेवढा कारखान्यात राहिला, नजर मात्र सोबत आली. घरात कोणी फोनवर जरा हळू बोललं की मास्तरांचे कान टवकारलेच. दूधवाला नेहमीपेक्षा गोड हसला, तर हा बाबा पिशवी उजेडात धरून बघणार.

हे नाव कामगारांनी ठेवलेलं. सुटीचा भोंगा झाला की गेटाशी रांग लागायची. प्रत्येकानं पिशवीचं तोंड उघडून पुढे धरायचं, मास्तरांनी आत नजर टाकायची आणि म्हणायचं, "चला, पुढचा." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय मोठे साहेबसुद्धा बाहेर पडले नाहीत, ही फुशारकी ते जेवताना इतक्यांदा मारत की मुलाला ती तोंडपाठ होती आणि लग्न होऊन आलेल्या सुनेलाही झाली होती.

त्यातला सगळ्यात आवडता किस्सा पोत्यांचा. भंगाराच्या पोत्यांपैकी एकावर कोणीतरी खडूची बारीक फुली मारून ठेवली होती. मास्तरांनी ओळखलं, या पोत्यात माल आहे आणि बाहेरचा साथीदार फुली बघूनच उचलणार. दुसरा असता तर त्यानं आरडाओरडा केला असता. मास्तरांनी फक्त फुली पुसली आणि शेजारच्या पोत्यावर मारली. चोरानं घामाघूम होऊन कचरा वाहून नेला! "आरोप कधी करायचा नाही," मास्तर सांगत, "खूण बदलायची आणि गंमत बघत बसायचं."

बायको गेल्यापासून मास्तरांचा जीव घराच्या गॅरेजमध्ये होता. तिथं मागच्या भिंतीला त्यांचं कामाचं टेबल. वर भिंतीवर सगळी हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येकाभोवती काळ्या रंगानं त्याची बाह्यरेषा काढलेली. पाना उचलला की भिंतीवर रिकामा पाना दिसणार, हातोडी गेली की रिकामी हातोडी. काही नाहीसं झालं तर भिंतच बोंब मारेल, असा बंदोबस्त. गल्लीतल्या लोकांच्या मोडक्या इस्त्र्या, बिघडलेली घड्याळं, कुरकुरणाऱ्या खुर्च्या तिथं यायच्या आणि धडधाकट होऊन परत जायच्या. आणि आणखी एक खोड होती. चिकटपट्टी लावली की तिचं एक टोक मास्तर चिमूटभर दुमडून ठेवत, म्हणजे काढताना नखं घासत बसायला नको. घरातल्या प्रत्येक डब्यावर, प्रत्येक रिळावर ते दुमडलेलं टोक असायचंच. ही खोड दुसऱ्या कोणाला नव्हती.

मुलानं आणि सुनेनं विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं तिथून सगळं बिनसलं. गाडी घ्या हो, कोण नको म्हणतंय! पण गाडीला चार्जर लागतो, चार्जरला भिंत लागते आणि गॅरेजला भिंती किती असणार? एका बाजूला सायकली आणि जुनं कपाट, दुसऱ्या बाजूला घरात जायचा दरवाजा. उरली दर्शनी दाराजवळची चपलांच्या मांडणीवरची जागा, आणि मास्तरांची मागची भिंत.

कंपनीकडून पाहणीला एक पोरसवदा साहेब आला. लेझरचं मोजयंत्र घेऊन सगळीकडे फिरला. दाराजवळ पटकन मोजलं. पण मागच्या भिंतीशी किती वेळ रेंगाळावं? टेबलाची उंची घेतली, रुंदी घेतली, मास्तरांची खुर्ची ओढून त्यावर बसूनसुद्धा बघितलं! मास्तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चार्जर लावायला टेबलाची रुंदी कशाला लागते? टेबल हलवायचं असेल तरच लागते.

ते चहा विचारायच्या निमित्तानं गॅरेजच्या दरवाज्यापर्यंत आले आणि सुनेचा आवाज ऐकू आला. "बाबांना आत्ता काही बोलू नका हं. एकदा बसवून झालं की मगच सांगू."

चहा न विचारताच मास्तर मागे वळले.

कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हाताऱ्याचं असंच झालं होतं. आधी त्याची आरामखुर्ची हॉलमधून गच्चीवर गेली, 'तिथं हवा चांगली' म्हणून. मग कपाट गेलं. मग एक दिवस म्हाताराच गेला, लांब कुठल्याशा वृद्धाश्रमात, 'तिथं सोबत चांगली' म्हणून. जाताना तो हात हलवत होता आणि त्याची सून गोड हसत होती. मास्तरांचीही सून हल्ली फार गोड बोलायला लागली होती. "बाबा, बोटाला काय लागलं?" "बाबा, डोळे तपासून घेऊ या का?" साखरपेरणी नुसती! बोटाला कानस लागली होती, कारण हल्ली टेबलावर नीट दिसत नव्हतं. पण हे कबूल केलं की संपलंच. नजर गेली म्हणजे हत्यारं काढून घ्यायला मोकळे. "डबा उघडताना लागलं," असं म्हणून त्यांनी अंगठा मुठीत लपवला होता.

पाहणीवाला गेल्यावर मास्तरांनी गॅरेजमध्ये चक्कर मारली. चपलांच्या मांडणीच्या वर लाल चिकटपट्टीची फुली होती. आणि त्यांच्या टेबलाच्या वर, जरा डावीकडे, पिवळ्या चिकटपट्टीची.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. "मग, चार्जर कुठं बसतोय?"

"दाराजवळ," मुलगा आणि सून एकदम म्हणाले.

एकदम! गेटावर दोघांनी एकाच वेळी एकच उत्तर दिलं की मास्तर दोघांनाही बाजूला घेत. "आणि माझ्या भिंतीवरची ती पिवळी पट्टी?"

सुनेनं नवऱ्याकडे बघितलं. "ती होय? ती असंच. मोजमापाची असेल."

खोटं! मास्तरांनी घास गिळला. खोटं बोलणारा माणूस वाक्याच्या शेवटी 'असेल' लावतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको. आणि खरं सांगायचं तर यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. ती खोटं बोललीच होती.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर मास्तर गॅरेजमध्ये एकटेच उभे राहिले. हिशेब सरळ होता. लाल पट्टी दाखवायची, पिवळी पट्टी खरी. दाखवायचं दार आणि बसवायचा टेबलाच्या उरावर. भांडायचं? मग 'बाबा हल्ली फार संशय घेतात' म्हणून ओरड होणार, आणि संशयी म्हातारा वृद्धाश्रमात लवकर जातो. त्यापेक्षा पोत्यांची युक्ती बरी. त्यांनी लाल फुली अलगद काढली आणि टेबलाच्या वर लावली. पिवळी काढून चपलांच्या वर लावली. "दाराजवळ म्हणता ना? घ्या दाराजवळ," ते भिंतीला म्हणाले, "मी तर तुमच्याच शब्दाला जागतोय." आणि कित्येक दिवसांनी शीळ घालत आत गेले.

फिटर येणार त्या दिवशी मास्तर मुद्दाम बाहेर पडले. किल्ली शेजारी ठेवली, आपली जुनी पिशवी खांद्याला लावली. घडेल तेव्हा आपण तिथं नव्हतो, हे बरं असतं. बाजारात त्यांनी एक चांगलं पितळी कुलूप घेतलं. आज चार्जर चुकवला, उद्या टेबलाच्या खणावर डोळा असेल. डोळ्यात तेल घालून राहायला हवं.

परत आले ते अंगणातच थबकले. त्यांचं टेबल उन्हात उभं होतं. हत्यारं प्लॅस्टिकच्या टबात, कानशीवर करवत आणि करवतीवर पकड अशी पडलेली.

"अहो! हे काय चाललंय?"

"आलात का काका!" फिटर ड्रिल पुसत बाहेर आला. हा पाहणीला आलेला नव्हता. चांगला चाळिशीचा, बोलका माणूस होता. "झालंच. टेबल फार जड हो तुमचं. शेजारच्यांना हाताला घेतलं."

मास्तर त्याला ढकलूनच आत गेले. मागच्या भिंतीवर पांढराशुभ्र चार्जर बसला होता आणि त्याची काळी केबल वेटोळं करून लटकत होती. भोवती रिकामा पाना, रिकामी हातोडी, रिकामी करवत. सगळी भिंत चोरी झाली म्हणून बोंब मारत होती.

"पण... पिवळी पट्टी तर दाराजवळ..."

"हो, तिथं दिवा लावलाय की," फिटर म्हणाला. "या, दाखवतो. मलाही विचारायचंच होतं. चपलांना इतका भारी दिवा कशाला हो?"

चपलांच्या मांडणीवर एक लांब मानेचा, हवा तसा वळणारा दिवा होता. त्याला ताटलीएवढं भिंग. फिटरनं बटण दाबलं आणि सुनेच्या सँडलचा एकेक टाका लख्ख दिसायला लागला.

"कामाच्या कागदावर लिहिलंय, डावीकडून उजेड हवा, वापरणाऱ्याचा हात उजवा आहे, सावली पडता कामा नये," फिटर हसत म्हणाला. "मी म्हटलं चपलेला कसला आलाय उजवा हात! म्हणून तुमच्या सूनबाईंना फोन केला. त्या घाईत होत्या. म्हणाल्या, लाल पट्टीवर चार्जर, पिवळीवर दिवा, आणि सासऱ्यांना आत्ता काही सांगू नका, त्यांना आवडेल की नाही तेच कळत नाही. मग लावला."

मास्तरांना एकदम खाली बसावंसं वाटलं. बसायला त्यांची खुर्चीसुद्धा जागेवर नव्हती. डावीकडून उजेड. टेबलाची उंची. खुर्चीत बसून बघणारा तो पोरगा. अंगठा मुठीत लपवला होता, तरी तिला दिसला होता. स्वतःच्या हातानं त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता आणि वर शीळसुद्धा घातली होती.

तेवढ्यात नवी गाडी अंगणात येऊन थांबली. तिचं चार्जिंगचं तोंड मागच्या बाजूला, म्हणून तर दाराजवळची जागा धरली होती. मुलगा उतरला, आत बघितलं आणि भडकला. "अहो, हे काय करून ठेवलंत? दाराजवळ सांगितलं होतं ना! वडिलांचं टेबल बाहेर काढायला कोणी सांगितलं तुम्हाला? थांबा, तुमच्या ऑफिसातच फोन लावतो."

"साहेब, पट्टीवर लावलंय मी!" फिटरचा हसरा चेहरा खर्रकन उतरला. "माझी आधीच एक तक्रार आहे, आता दुसरी नको हो. या बघा पट्ट्या. काढून शिडीला चिकटवून ठेवल्यात. लाल मागच्या भिंतीवरच होती. आईशप्पथ!"

सून पुढे झाली. तिनं शिडीवरून लाल पट्टी काढली, मग पिवळी. दोन्ही पट्ट्यांचं एकेक टोक चिमूटभर दुमडलेलं होतं. तिनं ती टोकं बोटानं चाचपली आणि क्षणभर सासऱ्यांकडे बघितलं. मास्तरांनी चाळीस वर्षं पकडले गेलेल्या माणसांचे चेहरे बघितले होते. आपला आत्ता कसा दिसत असेल, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुनेनं दोन्ही पट्ट्या मुठीत चुरगळल्या आणि मूठ पर्समध्ये घातली.

"फिटरना ओरडू नकोस," ती नवऱ्याला म्हणाली. "माझंच चुकलं असेल. पाहणीच्या दिवशी मीच रंग उलटे सांगितले असतील."

असेल! पुन्हा खोटं बोलत होती ही पोरगी. आणि या वेळी कोणासाठी बोलतेय, ते ओळखायला मास्तर असायची गरज नव्हती. फिटर सुटला होता. मास्तरही सुटले होते. तोंड मिटून उभं राहिलं की झालं.

पण त्यांना राहवेना. ते दोन पावलं पुढे आले, सुनेसमोर उभे राहिले. खांद्यावरची पिशवी काढली, दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडलं आणि रांगेतल्या कामगारासारखी पुढे धरली.

"मी केलं," ते म्हणाले. "पट्ट्या मी बदलल्या. फिटरचा काही दोष नाही. मला वाटलं, तुम्ही मला... माझं टेबल..." आवाज फुटला तशी त्यांनी पिशवीच आणखी वर धरली. "बघ. झडती घे."

सुनेनं वाकून पिशवीत बघितलं. आत नवंकोरं पितळी कुलूप होतं. ते कशासाठी आहे हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे मास्तरांनाही कळलं. तिचे डोळे भरून आले, ओठ घट्ट मिटले गेले. ती बराच वेळ पिशवीतच बघत राहिली.

मग तिनं मान वर केली.

"चला, पुढचा," ती म्हणाली.

हे दोन शब्द मास्तरांनी हजारो माणसांना ऐकवले होते. रांगेत उभं राहून ऐकताना ते कसे लागतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी पिशवी जवळ घेतली आणि तोंडावर धरली.

"आता उभे काय राहिलात सगळे?" सून नाक पुसत म्हणाली. "चपलांची मांडणी हलवा तिथून. टेबल दिव्याखाली आणू या. गाडी उलटी आत घालू, काही बिघडत नाही. बाबा, ते टोक धरा. आणि अंगठा सांभाळा."

मास्तरांनी टेबलाचं टोक धरलं.