बँडसमोरचं गोणपाट

कामरगावच्या मोटारस्टँडवर मला पोचवायला अख्खी आळी आली होती आणि माझी धाकटी बहीण चंद्री रडायचं सोडून माझ्याशी भांडत होती. मी खिडकीशी बसलेली, हातभर हिरवा चुडा, मांडीवर आमच्याच मळ्यातल्या वांग्यांची टोपली, शेजारी आठवड्यापूर्वीपर्यंत परका असलेला नवरा. चंद्री खिडकीच्या दांडीला धरून म्हणाली, "जाय बाप्पा. तुले तं आता रोजच बँड आयकाले भेटन. मी राह्यली इथीच वांगे तोडत." मागून माय ओरडली, "चंद्रे, सोड थे दांडी, गाडी सुटून राह्यली." गाडी सुटली तेव्हा सगळ्यांनी हात हलवले. चंद्री पाठ फिरवून उभी होती. माझा हेवा करणारं जगात कोणी तरी आहे, याचं मला मूर्तिजापूर येईपर्यंत बरंही वाटलं. स्टेशनवर उतरल्यावर मात्र मी ढसाढसा रडले.

कामरगावकरहो, तुमच्यापैकी जे गावीच राहिलात त्यांना हा बँड आठवत असेल. जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांच्यासाठी सांगते. आमचे बाबा भाजीचा मळा करायचे आणि कारंज्याच्या मोठ्या लग्नांना आमची भाजी जायची. भाजीची गाडी मांडवाच्या मागच्या दाराला लागायची, आचाऱ्यांच्या चुलींजवळ. आम्ही दोघी टोपल्या उतरवायच्या निमित्ताने बाबांबरोबर जायचो. बँड वाजायचा पुढच्या दाराला. मधे मोठी भिंत. बुऱ्हाणपूरचा तो बँड आम्ही तीन-चार लग्नांत ऐकला आणि एकदाही पाहिला नाही. क्लॅरिओनेट वाजवणाऱ्याचं नाव हुसेन मास्तर, एवढं एका आचाऱ्याने सांगितलं. तो एखादी चाल उचलायचा आणि मधेच अशी लांबवायचा की आम्ही रिकाम्या टोपलीवर बसल्या बसल्या श्वास धरून राहायचो. मग मोठा ढोल पडायचा आणि चंद्री मला कोपर मारायची. घरी येऊन वाफ्यांना पाणी देताना आम्ही त्या चाली तोंडाने वाजवायचो. ती ढोल, मी क्लॅरिओनेट. मास्तर दिसायला कसा असेल यावर तर रोज वाद. मी म्हणायची उंच आणि सडपातळ. चंद्री म्हणायची, "एवढा दम लागते. लठ्ठच असन." एक दिवस समोर बसून बघायचं, दोघींनी मिळून, असं ठरलेलं होतं. तेवढ्यात माझं लग्न ठरलं. माळ्याच्या पोरीच्या लग्नाला कुठला बुऱ्हाणपूरचा बँड.

आमचे हे जबलपूरला सरकारी कारखान्यात होते. दोन खोल्यांचा क्वार्टर, बाहेर नळ, नळावर भाभी लोकांची रांग. मी पहिल्यांदा वांगी विकत आणली त्या दिवशी घरी येऊन रडत बसले. ती पिलपिलीत वांगी आमच्या बाबांनी गुरांपुढेही टाकली नसती. हळूहळू जीभ वळली. 'पावशेर'ऐवजी 'पाव भर' म्हणायला लागले, भाकरीची रोटी झाली, आणि बँडही ऐकला. रविवारी मैदानात फौजी बँड वाजायचा. सगळे एका मापाचे, एका रांगेत, कोणाचा सूर केसभर इकडेतिकडे नाही. हे विचारायचे, "कैसा लगा?" मी म्हणायची, छान. ढोल पडला की माझी बरगडी आपोआप आकसायची, आणि कोपर काही यायचं नाही.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मी एकेक दिवस मोजत होते. त्यात कारखान्यातला अकोल्याकडचा एक माणूस सुट्टीवरून आला आणि निरोप देऊन गेला. कामरगावात कापसाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न आहे, बुऱ्हाणपूरचा बँड येणार आहे, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेपुढच्या पटांगणात साऱ्या गावासाठी वाजवणार आहे. चंद्रीने सांगून ठेवलं होतं, "बाईले म्हना, तवापर्यंत ये." ती मला बाई म्हणते. मीही उलट निरोप धाडला की येतेच आहे. पण सासूबाईंनी डोहाळजेवण काढलं. ते झालं तर शेजारच्या भाभींनी आग्रहाने जेवायला बोलावलं. मी कामरगावला उतरले तेव्हा व्यापाऱ्याच्या दारात मांडवाचे खड्डे बुजवणं चालू होतं. बँड गेला होता.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. बाळंतिणीला भेटायला येणारी प्रत्येक बाई पाळण्यात एकदा डोकावायची आणि बँडावर यायची. एक म्हणे मास्तरच्या डगल्याला सोन्याच्या गुंड्या. दुसरी म्हणे पितळेच्या, पण चकाकत होत्या. बाबांना आठवे ते ढोलकऱ्याच्या गळ्यातला पट्टा. "एवढं ओझं वागवून मानूस सरळ उभा कसा राह्यते?" हेच ते दर दोन दिवसांनी म्हणत. मायला फक्त एवढंच दिसलं होतं की मास्तर मधे थांबून दोन तांबे पाणी प्याला आणि घशाला हात लावून त्याने आभाळाकडे पाहिलं. मास्तर ठेंगणा निघाला. ना माझा सडपातळ, ना चंद्रीचा लठ्ठ. ती मिश्या, तो टोपीवरचा तुरा, वाजवताना डोळे मिटणं, सगळं मला तोंडपाठ झालं. आणि मी नव्हते. एका रिकाम्या पोटाच्या माणसापुढे गावाने जेवणाची वर्णनं करावीत, तसं चाललं होतं. मी जळत होते. दुसरा शब्द नाही.

त्यातून एक गोष्ट मायच्या तोंडून निसटली. आमच्याकडे दंडारीचा खेळ असो की कीर्तन, बायका सकाळीच जाऊन गोणपाट टाकतात आणि त्यावर दगड ठेवतात. मग ती जागा खुद्द पाटलीणबाईलाही मिळत नाही. माय म्हणाली, "चंद्री तं झुंजूमुंजूच गेली, दोन गोनपाटं घेऊन. अगदी समोर." मी चंद्रीला विचारलं, दुसऱ्यावर कोण बसलं? ती मायकडे पाहून म्हणाली, "सोड ना बाई." मी सोडणार होय? समोरच्या घरातली शेवंती बँडाची प्रत्येक गोष्ट जवळून पाहिल्यासारखी सांगत होती. क्लॅरिओनेटच्या कोणत्या चापावर मास्तरचं कोणतं बोट, इथपर्यंत. मला कळायचं ते कळलं. माझं कोपर चंद्रीने शेवंतीला दिलं होतं.

हे मी मनात धरून जबलपूरला परतले. बाळाचं कौतुक, क्वार्टरपुढे लावलेली मेथी, सगळं होतं. पण माहेरचा विषय निघाला की आधी शेवंतीच डोळ्यांपुढे यायची. मधे सरकारने राज्यांच्या रेघा बदलल्या. पूर्वी कामरगाव आणि जबलपूर एकाच राज्यात होतं. आता मी होते तिथेच राहिले आणि माहेर मुंबई राज्यात गेलं. हे हसत म्हणाले, "तुम्हारा मायका तो परदेस हो गया." मला हसू आलं नाही. माझ्यापुरती ती रेघ आधीच पटांगणात पडलेली होती. तीन वर्षं मी माहेरी गेले नाही. बोलावणी आली, मी कारणं दिली. गेले ती चंद्रीच्याच लग्नाला.

हळद दळायला दोन सवाशिणी लागतात. जात्याला कुंकू लावून झालं आणि मायने हाका मारल्या, "गोदे, तू बस. आन् शेवंते, तू तिच्यासमोर." नाही म्हणायची सोय नव्हती. एका खुंट्यावर आम्हा दोघींचे हात, गुडघ्याला गुडघा लागलेला, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना. जातं अडखळत फिरायला लागलं. मी ओढायची तर ती सोडायची नाही. दोनचार फेरे झाले आणि शेवंतीच बोलली.

"हळू ओढ वं. आता तं बसाले भेटलं ना तुले?"

"मले?" मी म्हटलं. "समोर बसून बँड तू आयकला. माह्या जागेवर."

शेवंतीने हात थांबवला. "तुह्या जागेवर? दुपारभर मी तुह्या जागेमांगं उभी होती. माहे पाय सुजले होते. गोनपाट रिकामं, मी म्हटलं घडीभर टेकू दे. टेकू देल्लं नाई तुह्या बहिनीनं. म्हने, बाई येऊन राह्यली. पाटलीनबाई आली, तिलेबी उठवलं. बँड सरला, लोक उठले, आन् चंद्री आपली दगडावर हात ठेवून बसेल. गावात आजून हासतात. मी जितीजागती उभी आन् तुह्यासाठी फारी बसेल."

फारी म्हणजे गोणपाटच. शेवंती त्या गोणपाटावर इतकी वर्षं रागावलेली होती आणि मी शेवंतीवर.

मी हळदीच्या हातांनी आत गेले. चंद्री पाटावर बसली होती, अंगाला तेल लागलेलं. विचारलं तशी ती खाली मान घालून म्हणाली, "तू येतो म्हटलं होतं ना. मूर्तिजापूरची मोटार रोजच उशिरा येते. मले वाटे, आता येईन, मंग येईन. मोटारीचा आवाज आला का मी तिकडंच पाहो. अर्धा बँड तं म्या पाह्यलाच नाई बाई."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"मायनं दम देल्ला होता. पोटुशीले रडवू नोको म्हने. आन् मंग तू तोंडच असं करून बसली, का सांगाची सोयच नोती."

तिच्या गालाला माझ्या हाताची हळद लागली. मायने पाहिलं आणि म्हणाली, मुहूर्ताआधीच लावली का. आम्ही दोघी हसलो, मग रडलो. त्या रडण्यात मला एवढंच समजत होतं की जिच्यावर मी तीन वर्षं रुसले, तिने तो बँड अर्धाच पाहिला होता आणि उरलेला अर्धा रस्त्याकडे बघण्यात घालवला होता.

चार दिवसांनी त्याच स्टँडवर चंद्री मोटारीत खिडकीशी बसली, मानोऱ्याला सासरी जायला. या वेळी दांडी मी धरली होती. शेवंती शेजारी उभी होती. गाडी हलली तशी चंद्रीने खिडकीतून कोपर बाहेर काढून माझ्या बरगडीत मारलं, चांगलं जोरात.

आता कामरगावात आम्ही दोघीही नाही. कोणी घर विचारलं तर मी क्वार्टरचा नंबर सांगते, तो पाठ झाला आहे. पण सांगताना डोळ्यांपुढे येते ती शाळेपुढची, बँडसमोरची, दगड ठेवलेली जागा. तिथे मी कधी बसले नाही आणि तरी ती गावात माझी म्हणून ओळखली जाते. जबलपूरला निघताना मी मायला विचारलं होतं की ते गोणपाट कोणतं, मला दे. माय म्हणाली, "मले काय ठाव? सारे सारखेच. वांगे भरून कधीचं बाजारात गेलं असन." माझा हेवा काही गेलेला नाही. शेवंतीवरून उठला आणि त्या गोणपाटावर बसला. हुसेन मास्तरला त्याने पहिल्या रांगेतून, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐकलं. कोणतं ते ओळखता येत नाही, म्हणून इथल्या मंडईत वऱ्हाडाकडून आलेलं वांग्यांचं कुठलंही गोणपाट दिसलं की मी त्याच्याकडे जरा रागानेच बघते.