भांडं घरपोच, खुर्ची दुकानात

नसरापूरचा तो दुकानदार स्वतः कधीच नाही म्हणत नाही. मोबाईलवरची ऑर्डर दाखवत मान तिरकी करून हसतो, "मोबाईल न्हाई म्हणतोय, दादा."

वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्याच्या ऑनलाइन दुकानातून संडासची खुर्ची मागवली. काल त्याने वेल्ह्यात आमच्या दारात टेम्पो थांबवला आणि खुर्चीखालचं नुसतं भांडं माझ्या हातात दिलं.

"खुर्ची कुठाय?"

"भांडं घरपोच हाय. खुर्ची दुकानातनं न्यायची. मोबाईल तसंच म्हणतोय."

टेम्पोत पानशेतच्या एका बंगल्यावर पोचवायचा भलामोठा झोपाळा होता. माझं डोकंच फिरलं.

"आणि हा झोपाळा?"

"बंगल्याला मोबाईल व्हय म्हणतोय."

आतून वडिलांनी विचारलं, "आली का रं खुर्ची?"

मी भांडं परत त्याच्याच हातात कोंबलं. "जा आत. मोबाईल काय म्हणतोय ते त्यांना सांग."