रक्तपित्याले ‘या’ म्हनू नोका

तुरीचे सोले सोलाले बसलं का एका शेंगेतून चार दाने निघतेत, अन् बोलता बोलता टोपलं भरते. आमच्या पुस्तकाचे किस्से तसेच जमले. पुस्तक एक, आयकनाऱ्या आमी तीन-चार बाया, अन् किस्से इतके का आता कोनी पाव्हना आला का पहिले म्हनते, "आजी, थो रक्तपित्याचा सांगा ना!"

कोन्ता सांगू बाप्पा? बसा. सांगतो.

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत माही ओसरी हाय. मी चवथी शिकलेली, अन् चवथीत बी मास्तरनं दया येऊन ढकललेली. एसटीची पाटी वाचतो, औषधाचं नाव वाचतो. जाड पुस्तक उघडलं का अक्षरं मुंग्यायवानी पयतेत. म्हनून वाचे थे उज्जू. उज्जू रक्तपेढीत कामाले हाय. दुपार मोकळी राह्यली का येते, अन् वाचनालयातून कोन्तं ना कोन्तं पुस्तक आनते. यावेळी आनलं थे इंग्रजीतून मराठीत केलेलं. लहानसं गाव, समजा आपल्या सिंदीएवढं. तिथं एक रक्तपित्या, म्हनजे मानसाचं रक्त पेनारं भूत, येते, अन् गावातले लोकं एकेक करून दिवसाचे दिसेनासे होतेत.

आता उज्जू कोन, थे सांगतो. माह्या बाजूच्याच भाऊरावची पोरगी. मधात फकस्त कंपाउंडची भिंत. उज्जूनं आपल्या मनानं, जातीबाहेरच्या पोराशी लगन केलं. पोरगा गुनाचा हाय, पन भाऊराव गेटात उभा राहून म्हने, "मी 'ये' म्हनल्याबिगर ह्या घरात पाय ठेवाचा नाई!"

थे बी त्याचीच पोरगी. म्हने, "बरं."

तवापासून उज्जू गेटापर्यंत येते, मायले, म्हनजे शांतीले, बाहेरच्या बाहेर भेटते, अन् माह्या ओसरीत येऊन बसते. थ्यानं 'ये' म्हनलं नाई, हिनं पाय ठेवला नाई. अन् भाऊराव कोन? एसटीतला रिटायर कंडक्टर! जलमभर अख्ख्या जिल्ह्याले म्हनत गेला, "या, या, आत सरका, जागा हाय!"

* * *

पहिल्या दिवशी आमी सगळ्या पदर आवळून बसलो. समोरची कमल तं पाय खुर्चीवर घेऊन बसली, खालून कोनी पाय वढला म्हंजे? उज्जू हळू आवाजात वाचून राह्यली. थो रक्तपित्या आला, थ्या झोपलेल्या बाईच्या गयापाशी वाकला, दात टेकवले...

अन् उज्जू थांबली. कपायाले आठ्या.

"काऊन व? काय झालं?" कमलचा जीव अर्धा.

"आजी, हा ग्रुप न पाहताच पेऊन राह्यला! रिअ‍ॅक्शन येईन ना याले!"

सगळं भेव खतम! मंग उज्जूनं आमाले सांगितलं का कोन्त्या ग्रुपाचं रक्त कोनाले चालते, अन् थ्याच्या आधी काय काय तपासा लागते. कमल म्हने, "बिचारा! याले कोनी सांगत बी नाई!"

तवा भिंतीपलीकडून कोनीतरी फिस्सकन हासलं. मंग लगेच खोकलं. मंग पेपर फडफडला.

दुसऱ्या दिवशी पाह्यलं, तं भाऊरावची खुर्ची भिंतीच्या जरा जवळ सरकली होती.

* * *

कमलचं डोकं मोठं चालते. पुस्तकात मेलेली मानसं पेटीतून उठतेत, थे आयकून थे गंज येळ इचार करत बसली. मंग म्हने, "आपल्याकडं हे होतच नाई."

"काऊन?"

"आपन जाळतो ना! अंगच उरत नाई, तं उठीन कोन? म्हनून आपल्याकडच्या भुतायले पाय उलटे असतेत. घाईघाईत जमवलेलं सामान!"

* * *

याच कमलचं अधिक महिन्यात कांदा-लसून बंद राह्यते, अन् त्या साली थो उन्हाळ्यातच आला होता. अन् पुस्तकात लिवलेलं, का दारात लसून टांगला का रक्तपित्या येत नाई. आता आली ना पंचाईत! घरात लसून आनावा का नाई?

मले इचाराले आली. मी म्हनलं, "कमल, टांगनं म्हंजे काई खानं नोये. देवाले चालते."

"खरंच?"

"माही जबाबदारी!"

तिनं बरोब्बर लसनाची भली मोठी माळ दारात लटकवली. तिचा मालक कचेरीत कारकून हाय. त्या महिन्यात लसनाविना बिचाऱ्याचं तोंड सुकून जाते. त्या दिवसापासून थो ऑफिसातून आला का घरात जातच नाई! दारात खुर्ची टाकते अन् माळेखाली बसते. मी इचारलं, "काऊन जी, गरम होते का घरात?"

डोये मिटूनच म्हने, "आजी, आमाले नुसतं बसू द्या. आज जेवनात दोडक्याची भाजी हाय."

* * *

आनखी एक. उज्जूनं वाचलं का रक्तपित्याच्या अंगावर ऊन पडलं का थो जळून जाते, धूर निघते. आमी कोनीच दचकलो नाई. मे महिना चालू होता. कूलरात पानी टाकत कमल म्हने, "वर्ध्यात याच्यात नवीन काय हाय?"

* * *

आता माहा सांगतो. पुस्तकात लिवलेलं का थो आरशात दिसत नाई. मी घरात गेलो, केस विंचराले आरशापुढं उभी राह्यलो. पाहातो तं, मी नाई! एक पांढरं धुकं, अन् त्यात कोनी नाई! मी आरसा पुसला. मंग पदरानं डोये पुसले. काईच नाई.

मी मनात म्हनलं, मेलो का काय मी? अन् कोनी सांगितलं बी नाई?

उज्जूले बोलावलं. थे मले आटोत घालून डोयाच्या डाक्टरकडं घेऊन गेली. डाक्टर तरणा पोरगा. मी सगळं सांगितलं, रक्तपित्यासकट. थ्यानं डोया पाह्यला, हासू दाबलं अन् म्हने, "आजी, तुमी भूत नाई. तुमाले मोतीबिंदू हाय."

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा आरशात पाह्यलं अन् उज्जूले म्हनलं, "पोरी, धुकं बरं होतं व. केवढ्या ह्या सुरकुत्या!"

ऑपरेशनाच्या दिवशी घरून डबा शांतीनं देला होता. माह्यासाठी खिचडी. अन् खालच्या खनात तिखट भरलेली वांगी. डाक्टरनं मले तिखट मना केलेलं. मी म्हनलं, "हे काऊन?" उज्जूनं डबा जवळ वढला अन् म्हने, "हे माह्यासाठी असतीन. वांगी आनाले बजारात बाबाच जातेत."

बस. मंग आमी दोघीबी जेवनाकडं पाहून जेवलो.

* * *

सगळ्यात मोठा गोंधळ झाला 'या' मुळं.

पुस्तकाचा कायदा असा, का रक्तपित्या दाराशी येईन, गोड बोलीन, पन घरच्या मानसानं 'या' म्हनल्याबिगर उंबरठा वलांडू शकत नाई. उज्जूनं हे वाचलं, अन् थे तिथंच थांबली. आमी बी सगळ्या भिंतीकडं पाहाले लागलो. पलीकडं पेपराचा आवाज बंद.

कमलनं मात्र कायदा मनावर घेतला! दाराशी कोनी बी आला, तं 'या' म्हनेच ना! आता आपल्याकडं शत्रू आला तरी पहिले 'या, बसा' म्हनतेत, पानी देतेत, अन् मंग भांडतेत. कमल तं काईच म्हने नाई. नुसती दारात उभी, पाहात राहे.

एक दिवस दिवेलागनीले तिचा व्याही आला, हिंगनघाटून. पोरीचा सासरा! हातात पेढ्यायची पुडी. कमल दारात, तोंडातून शब्द नाई. व्याही या पायावरून त्या पायावर होऊन राह्यला. शेवटी बिचारा हात जोडून, हासून म्हने, "विहीनबाई, घरात घ्या ना आमाले!"

पुस्तकात रक्तपित्या अस्संच म्हनते! हिनं धाडकन दार लावलं!

व्याही रुसून माह्या ओसरीत येऊन बसला. मी त्याले चहा देला, सगळी गोष्ट सांगितली. मानूस मोठा समजदार. हासून हासून त्याच्या डोयात पानी आलं. मंग मले एक खोडी सुचली. माह्या तोंडात आता दोनच दात राह्यले, अन् दोन्ही सुळे! मी पदर डोक्यावरून वढला, कमलचं दार वाजवलं. तिनं फटीतून पाह्यलं. मी मोठं हासलो अन् म्हनलं, "कमल, मले 'या' म्हन ना व!"

किंकाळी अशी, का लसनाची माळ खाली पडली!

व्याह्याले मंग तिनं चांगली पुरनपोळी खाऊ घातली. थो जाताना म्हने, "येतो, विहीनबाई." कमल म्हने, "येजो, येजो!" अन् लगेच तोंडावर हात, "अगं माय, म्हनलं का व मी?"

* * *

मधात उज्जूची ड्युटी बदलली. चार-पाच दिवस वाचन बंद. एका दुपारी मी चिवड्याचे पोहे निवडत बसलो होतो, तं भिंतीवर भाऊरावचं डोकं आलं.

"काकू, आज पुस्तक नाई का?"

"कोन्तं पुस्तक?" म्या म्हनलं.

"थेच. माह्या कानावर पडते, म्हनून इचारलं. थ्या रक्तपित्याशी लढनाऱ्या मास्तराचं काय झालं? गाव सोडून गेला, का गेला त्या दातवाल्याच्या हाती?"

"मले काय मालूम भाऊराव? मी चवथी शिकलेली. वाचनारीले इचारा ना. गेटापर्यंत तं येतेच."

डोकं खाली गेलं. जरा येळानं पुन्हा वर आलं.

"बरी हाय ना थे?"

"कोन? मास्तर?"

"जाऊ द्या काकू," म्हने. अन् गेला.

मले हासू आलं, अन् मंग नाई आलं.

* * *

आता शेवटचा.

पुस्तकाची थोडीच पानं राह्यली होती. मी मनात म्हनलं, हे माह्या ओसरीत संपू द्याचं नाई. सकाळी उठलो, गुळाचं पानी केलं, अन् ओसरीभर शिंपडलं. दुपारपर्यंत मुंग्यायची जत्रा!

भिंतीवरून आवाज देला, "भाऊराव, माह्या इथं बसाची सोय नाई. शेवट तुमच्या पोर्चमधी वाचू का?"

पेपरामागून उत्तर आलं, "माहं काय जाते? वाचा."

"वाचनारी बी येईन, बरं!"

पेपर खाली नाई आला. "पुस्तक का आपल्या आपन वाचलं जाते?" म्हने.

आमी निघालो. भाऊराव पोर्चमधी उभा, पांढरी बनियान, वर इस्त्रीचा शर्ट. पहिले कमल गेली. "या, या, पुढं सरका." मंग मी. "या काकू." मंग कमलचा मालक, याले कोनी बोलावलं बी नोतं. "या, या, जागा हाय!"

अन् गेटात उज्जू. पुस्तक छातीशी धरलेलं.

भाऊराव खुर्ची नीट करत, तिच्याकडं न पाहता म्हने, "या."

उज्जू जागची हालली नाई.

"बाबा, हे 'या' पाव्हन्यायसाठी झालं. मले तुमी 'ये' म्हनता."

आत सयपाकघरात चहाचं भांडं वाजत होतं, थे बंद झालं. भाऊरावनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. जलमभर बोलवनारा मानूस, अन् एक अक्षर गयातून बाहेर येईना! मले राहावलं नाई. "भाऊराव, एकच तं अक्षर हाय! चवथीवाल्याले बी येते!"

"तुमी चूप राहा, काकू," म्हने.

"राहू द्या आजी," उज्जू म्हने. "मी इथूनच वाचतो."

अन् खरंच, तिनं गेटाच्या बाहेर, उनात, पुस्तक उघडलं अन् वाचाले लागली. रस्त्यानं आटो जाय, मोटारसायकल जाय. शब्द अर्धे आमच्यापर्यंत येत, अर्धे आटोसंगं सिंदीच्या चौकात जात. कमलनं कानामागं हात धरला. भाऊराव उभा राह्यला.

"आयकू येत नाई," म्हने.

पायऱ्या उतरला. अनवानी. तापलेल्या फरशीवरून गेटापर्यंत गेला, कडी काढली. आमाले वाटलं, आता म्हनते! पन थो थांबलाच नाई. गेटातून बाहेर गेला अन् उज्जूच्या बाजूले, रस्त्यावर जाऊन उभा राह्यला. बस सुटून गेलेल्या दोन पॅसेंजरवानी. जरा येळ दोघंबी घराकडं पाहात राह्यले. उज्जूनं पुस्तक मिटलं होतं.

मंग थ्यानं आवाज देला. जुना, कंडक्टरचा.

"शांते! बाहेर दोघं उभे हावो! 'या' म्हन ना आमाले!"

शांती दारात आली. हातात गाळनी. तिनं पोरीकडं पाह्यलं, नवऱ्याकडं पाह्यलं, त्याच्या धुळीनं भरलेल्या पायायकडं पाह्यलं.

"या," म्हने. "पन पाय धून या, दोघंबी!"