तीन दिवस की एक

आमच्या ऑफिसात तिला सगळे पंचबाई म्हणतात. दोघांनी प्रोग्रामची एकच ओळ वेगवेगळी बदलली, की कॉम्प्युटर अडून बसतो, दोन्ही ओळी एकाखाली एक मांडतो आणि विचारतो, यातली कुठली ठेवू? हे मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवायचं काम तिचं. तिचा नियम एकच: ज्याची ओळ खोडायची, त्याला आधी विचारायचं. आम्ही वैतागायचो, पण बाई कधी बधली नाही.

शेजारच्या खुर्चीतल्या काकांशी मात्र तिचं बिनसलं, तेही कशावरून? आम्ही एका दवाखान्यासाठी प्रोग्राम करत होतो, त्यातून अपॉइंटमेंटच्या आठवणीचा मेसेज पेशंटला किती दिवस आधी जावा, यावरून! जुना आकडा दोन होता. ती म्हणे एक करा, काका म्हणत तीन. दोघंही हट्टाला पेटली आणि महिनाभर हातभर अंतरावर बसून अबोला धरला. मग एका रविवारी काका हार्ट अटॅकने गेले.

आठवड्याने काकांचं अर्धवट राहिलेलं काम तिने आपल्या कामात जोडायला घेतलं आणि कॉम्प्युटर नेमका त्याच ओळीवर अडला. तिने माघार घेऊन गुपचूप तीन केले होते. काकांनी गुपचूप एक केला होता.

सवयीने तिने खुर्ची वळवली आणि बोलून गेली, "काका, तुमची खोडू का?"

मी समोरच होतो. मान खाली घालून उगाच टाइप करत राहिलो.

ती ओळ अजून तशीच अडलीय. साहेब रोज चिडून विचारतात, अजून किती वेळ?

ती म्हणते, "त्यांना विचारायचं राहिलंय."