टबातलं पाणी कोण पीत होतं?

आधीच सांगून टाकते. चौकात कुणी उतरून टाकलेला नारळ दिसला, तर तो पायानं बाजूला सारून तिथंच गाडी लावणारी बाई आहे मी. भानामती, अंगात येणं, करणी... असल्या गप्पा निघाल्या की मी उठून आत जाते. हे लिहायला बसले तेव्हा नवरा म्हणाला, "आता तू पण?" म्हटलं, व्हय, मी पण!

मला प्लांटेड अ‍ॅक्वेरियमचा नाद आहे. नुसते मासे नव्हेत — टाकीत खरी झाडं, दगड आणि मधोमध पाण्यानं झिजलेलं लाकूड. ड्रिफ्टवूड म्हणतात त्याला. दुकानातलं मला पटत नाही, म्हणून नदी उतरली की कुरुंदवाडच्या बाजूला काठानं फिरून मीच गोळा करते. घरी आणायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, उकळायचं आणि टबात भिजत टाकायचं. लाकडातून चहासारखा रंग सुटत राहतो. तो थांबेपर्यंत पाणी बदलायचं, कधी कधी महिनाभर.

गेल्या हिवाळ्यात गाळात एक तुकडा सापडला. हातभर लांब, मांडीएवढा जाड, बहुतेक बाभळीचा. एका टोकाला आरपार भोक आणि त्यात गंजलेली लोखंडी कडी. भोकातून जावा फर्नची हिरवी पानं काय झकास बाहेर येतील, असं मनात आलं! कडी तेवढी काढायला हवी होती, टाकीत लोखंड नको. तेल सोडलं, हॅक्सॉ चालवला, गल्लीतल्या वेल्डरला बोलावलं. तो म्हणाला, "वैनी, ही काय निघत न्हाय बघा." म्हटलं, भिजू दे, मग बघू. बाकीची लाकडं दुसऱ्या टबात तरंगत होती. हे टाकल्या टाकल्या तळाला गेलं.

आमचं घर कोल्हापुरात, रंकाळ्याच्या अंगाला. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधून एक बोळ मागच्या अंगणात जातो. टब तिथं. अंगणाला लागून मामांची खोली — मामा म्हणजे माझे सासरे, नवऱ्याचे आबा. मोठ्या पुरात गावाकडचा गोठा गेला, गोठ्यातली म्हैस गेली, आणि मामा इकडं आले. तेव्हापासून माणूस गप्पच. वाढलं तर जेवायचे, विचारलं तर "हूं". म्हशीचा विषय काढला की उठून जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर टब अर्धा. गळत असेल म्हणून खालची फरशी बघितली. कोरडी ठणठणीत. टब बदलला. वर पत्रा झाकला. दुपारी पत्रा बाजूला, पाणी अर्धं! उन्हानं आटलं म्हणावं, तर शेजारच्या टबातलं पाणी जागचं हललं नव्हतं. मांजर, कुत्रं, कावळे... सगळ्यांवर आळ घेऊन झाला.

मग एका दुपारी कपडे वाळत घालायला गेले, तर मामा बादलीनं टब भरत होते.

"मामा, काय करताय?"

"पाणी घालतोय. तहानलीया."

"कोण?"

"म्हस की."

इतक्या सहज म्हणाले, की माझ्या हातातला ओला टॉवेल खाली पडला.

त्या दिवसापासून मामा घरात येईनात. टबाशेजारी पोतं टाकून बसायचे. थंडी पडलेली, त्यात खोकला धरला, अंगात ताप. नवरा हातापाया पडला, रागावला, शेवटी मला म्हणाला, "अगं, आबा आपल्या हातातनं चालले." डॉक्टर म्हणाले, असंच उघड्यावर बसले तर छाती भरेल. मला भीती वाटायला लागली आणि भीती वाटली की मी चिडते. म्हटलं, हे लाकूडच नदीत फेकून येते, मसणात गेलं ते अ‍ॅक्वेरियम!

बाह्या सारल्या आणि त्या काळपट पाण्यात हात घालून लाकूड बाहेर ओढलं. मामांनी ते तोवर बघितलंच नव्हतं. गढूळ पाण्यात तळाला होतं ना. बघितलं आणि ते एकदम उभे राहिले.

"हे कुठनं आणलंस?"

"नदीतनं. काय आहे हे?"

"लोढणं हाय. माझ्या चंद्रीचं."

मला लोढणं काय ते धड ठाऊक नव्हतं. मोकाट सुटणाऱ्या जनावराच्या गळ्यात ओंडका बांधतात, पळताना पायात यावा म्हणून. मामा भोकावरून बोट फिरवत होते. "लई द्वाड. दुसऱ्याच्या उसात शिरायची. म्हणून मीच केलं हे. भोक तिरकं गेलंय बघ, हात घसरलेला माझा." खरंच तिरकं होतं.

मग ते बोलत सुटले. "गोठ्यात पाणी आलं तवा दावं कापलं. म्हटलं, जाईल पवत कुठंबी. आन् आमाला न्यायला आलेली बोट सुटल्यावर ध्यानात आलं, लोढणं गळ्यातच ऱ्हायलं की! वरडलो, बोट मागं घ्या. म्हशीसाठी कोण घेतंय? ती मागनं येत हुती, पोरी. माझ्याकडं बघत येत हुती."

मला रडू आवरेना. मामांच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. त्यांनी लाकूड छातीच्या उंचीला धरलं, दुसरा हात त्याच्या वर, हवेत ठेवला. "हल नको. सोडतो, हां... सोडतो." आणि लाकूड धरलेल्या हाताच्याच दोन बोटांनी कडी फिरवली.

कडी निघाली. वेल्डरला न निघालेली कडी!

लाकूड त्यांनी खाली ठेवलं. हवेतला हात तसाच, सावकाश खाजवत राहिला. मग माझ्याकडं बघितलं. मी बोळाच्या तोंडाशी उभी होते.

"पोरी, वाट सोड तिची."

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पोटसुद्धा आत ओढून घेतलं. डाव्या दंडाला काहीतरी गरम, ओलसर घासत गेलं. मामा बोळातून चालत गेले, गेट सताड उघडलं आणि भर दुपारी रस्त्यात उभे राहून ढसाढसा रडले. त्या संध्याकाळी आपण होऊन घरात झोपायला आले.

कडी भिजून सैल झाली असेल, मान्य. पाणी कुठं जात होतं, ठाऊक नाही. एवढ्या मोठ्या नदीतून नेमकं तेच लाकूड माझ्याच हाताला कसं लागलं, तेही ठाऊक नाही. नवरा अजून विचारतो, "तू खरंच बाजूला झालीस?"

झाले की. बोळ एवढासा... मी मधे उभी राहिले असते, तर ती गेली कशी असती?