वारंगुळा

तेर गावात आमच्या रानाला लागून अण्णांचं रान आहे. जुने शब्द समजावून सांगायची त्यांना भारी हौस. टोपी मागं सरकवतात आणि प्रत्येक शब्दाला मांडीवर थाप मारतात. "सावड म्हंजी आज आमी तुमच्या रानात राबायचं, उद्या तुमी आमच्या. इर्जिक म्हंजी सगळ्यांनी औतं घिऊन एकाच्या रानात जायचं, त्यानं निस्तं पोटभर जेवू घालायचं. आन वारंगुळा म्हंजी तुमचा एक बैल, माझा एक. मिळून जोडी."

या शेवटच्या शब्दाला मात्र थाप पडत नाही.

पलीकडच्या रानातल्या म्हाताऱ्याशी त्यांचा वारंगुळा होता. गेल्या साली अण्णांनी नांगरटीला ट्रॅक्टर सांगितला आणि म्हाताऱ्याला न विचारताच आपला बैल बाजारात विकला. म्हाताऱ्याचा बैल अजून बाभळीखाली एकटाच उभा असतो. सांजच्याला म्हातारा घराकडं वळला, की अण्णा कडवळाची पेंढी घेऊन बांध ओलांडतात, बैलापुढं टाकतात आणि मागं न बघता परततात.

परवा मी विचारून बसलो, "अण्णा, वारंगुळा मोडला तर त्याला काय म्हणतात?"

पेंढी बांधता बांधता ते थांबले.

"त्याला शब्द न्हाय, बाबा. आमच्यात कुणी मोडतच नव्हतं."