नापास जादूगाराचा आवाज

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कपाटात बसून जादूटोणा करतात, ही बातमी इमारतभर व्हायला दोन जिने आणि एक चाळणी पुरली. चाळणी मागायला वर गेलेल्या धाकट्या जाऊबाईंनी बंद कपाटातून आलेला आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला, ‘बेडूक हो! हो म्हणतो ना!’ आणि पाठोपाठ एक लांबलचक किंकाळी. जाऊबाई चाळणी न घेताच खाली. संध्याकाळपर्यंत वहिनींच्या नवऱ्याचा बेडूक झाला होता, आणि तो बादलीत पोहताना दोघांनी पाहिलाही होता.

खरी गोष्ट अशी, की नवरा त्या वेळी कपाटासमोर बनियनवर ताटकळत होता.

“अगं, आधी माझा शर्ट बाहेर दे, मग कुणालाही बेडूक कर.”

“अहो, पाचच मिनिटं! वाक्य आत्ता कुठे तोंडात बसतंय.”

वहिनी डबिंग करतात. परदेशी कार्टून मालिकेतल्या पात्रांना मराठी आवाज देण्याचं ते काम. मालिका आहे जादूच्या शाळेची. शाळेतली बाकीची मुलं झाडूवर बसून भुर्रकन उडतात. वहिनींच्या वाट्याला आलेला बारा वर्षांचा बंड्या मात्र असा ढ, की झाडू उडतो आणि हा खालीच राहतो; दर परीक्षेत नापास. घरात सराव करायचा तर रस्त्यावरचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, म्हणून कपाट. कोट आणि जाड चादरींमध्ये आवाज घुमत नाही. मांडीवर कागद, हातात टॉर्च, नाकात डांबरगोळ्यांचा वास.

त्याआधी सव्वीस वर्षं वहिनी बसस्थानकावर उद्‌घोषणा करत होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, हे सारं गाव त्यांच्या तोंडून ऐकायचं. मग एक यंत्र आलं. साहेबांनी वहिनींकडूनच सगळ्या गावांची नावं त्यात भरून घेतली, पुष्पगुच्छ दिला आणि घरी पाठवलं. अजूनही स्थानकावर त्यांचाच आवाज गाड्या सोडतो. वहिनी तिथे कधी गेल्या तर कानाला पदर लावून उभ्या राहतात. वर्षभर घरात त्या इतकं कमी बोलल्या, की नवऱ्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. बंड्या मिळाला तेव्हा कुठे घरात पुन्हा आरडाओरडा सुरू झाला.

आणि आता तिसऱ्या सीझनला नवा दिग्दर्शक आला होता. त्याने निरोप धाडला: बंड्याच्या आवाजाची पुन्हा चाचणी होईल. कपाटातली ती किंकाळी या चाचणीचीच तयारी होती. बंड्या गेला तर बोलायला उरणार होतं ते बसस्थानकावरचं यंत्र.

स्टुडिओत दुसरी उमेदवार बसली होती, कॉलेजातली मुलगी. आवाज मधासारखा, उच्चार कोरीव. तिने वहिनींना खाली वाकून नमस्कार केला. त्यामुळे वहिनींना तिचा रागही धड करता येईना.

प्रसंग दोघींना एकच, आयत्या वेळी दिलेला. परीक्षेत दगडाचं मांजर करायचं असतं. बंड्या मंत्र म्हणतो, दगडाला नुसती शेपटी फुटते. मुख्याध्यापक भुवया उंचावतात आणि बंड्या उत्तर देतो. कागदावर उत्तर होतं दोन शब्दांचं: ‘चुकलं, सर.’ पडद्यावर मात्र बंड्याचं तोंड चांगलं अकरा वेळा उघडमिट होत होतं. मूळ भाषेत तो बरंच काही बोलत असावा; भाषांतरकाराला बहुधा घरी जायची घाई होती.

मुलगी आत गेली. तिने ते दोन शब्द पिठाच्या गोळ्यासारखे ताणले. “चुऽऽकऽऽलं... सऽऽर.” बंड्या ढ होता तो झोपाळूही वाटू लागला. दिग्दर्शक म्हणाला, “गोड आहे.”

मग वहिनी. कानाला हेडफोन, डोळे बंड्याच्या ओठांवर. मुख्याध्यापकांच्या भुवया वर गेल्या आणि वहिनी सुरू झाल्या, “चुकलं, सर! पण शेपटी तर आलीये! उरलेलं मांजर मागून येईल!”

शेवटच्या शब्दाला बंड्याचं तोंड बरोबर मिटलं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक इतका हसला, की त्याचा चहा बटणांवर सांडला आणि पुढची दहा मिनिटं पुसापुशीत गेली.

दिग्दर्शक हसला नाही. कागद चाळत म्हणाला, “मॅडम, हे लिहिलेलं नाहीये.”

“लिहिलेलं संपलं. पोराचं तोंड चालूच होतं.”

त्याने तो तुकडा पुन्हा लावून पाहिला. मग मुलीचा. मग पुन्हा वहिनींचा. तिसऱ्या वेळी त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. मुलीला त्याने वर्गातल्या हुशार चेटकिणीचं काम दिलं. तिला ते शोभलंही.

“बंड्या तुमच्याकडेच ठेवतो,” तो वहिनींना म्हणाला. “पण या सीझनपुरताच हं. मुलगा आता मोठा होतोय. पुढच्या वर्षी त्याला जाड, फुटलेला आवाज लागणार. तुम्हाला कसा जमेल?”

वहिनींनी हेडफोन काढून खुंटीला अडकवला, पदर सारखा केला आणि त्याला सांगितलं, “साहेब, तीन वर्षं पोर पहिल्याच इयत्तेत बसलंय. पास होऊ दे आधी, मग आवाज फोडा.”